आधी टीव्हीचं लिही

११ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक, तूही तिकडे ठीक असशीलच. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलायला लागलं की आई शेजारी येऊन बसते, आणि मग माझं धड एक वाक्य पुरं होत नाही.

तर ऐक! आपल्याकडे नवा टीव्ही आलाय! जुन्याच्या मधोमध एक हिरवी रेघ यायला लागली होती. बाबा तिला 'पाहुणी' म्हणायचे. गेल्या आठवड्यात पाहुणीने अख्खं घरच बळकावलं. बातम्या देणारा हिरवा, त्याचा कोट हिरवा, मागचा समुद्रही हिरवा. रविवारी आम्ही तिघं उठलो ते थेट दुकानात.

तिथे दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले. एक अठ्ठेचाळीस इंची, पण चित्र असं की पोपटाचं पीस न् पीस सुटं दिसावं. दुसरा पासष्ट इंची, भिंत खाऊन टाकणारा, पण रंग पाणी घातल्यासारखे. किंमत जवळपास सारखीच. "काका, मोठा पडदा हवा की चांगलं चित्र, एवढंच ठरवा," दुकानातला मुलगा म्हणाला.

बाबांना हे विचारायचं? गिऱ्हाइकाने भिंतीचा एवढासा पोपडा आणून दिला की तोच रंग डब्यात कालवून देण्यात ज्यांची सगळी नोकरी गेली, त्यांना? लहान टीव्हीसमोर ते असे उभे राहिले की मला त्यांची बाही धरून बाजूला ओढावं लागलं. बाकीच्यांनाही बघायचं होतं ना!

"बडबडे, हा काळा बघ. एरवी काळा म्हणून गळ्यात मारतात तो करडा असतो. काळा म्हणजे हा!" मग मोठ्याकडे मान वळवून, "आणि याचा लाल म्हणजे दहादा धुतलेला टॉवेल."

आई लगेच म्हणाली, "मग लहानच घ्या. मला काय, चांगला स्वच्छ दिसतोय."

आणि बाबा फिरले. तिथल्या तिथे!

"नाही. मोठाच द्या."

"अहो, आत्ता तर टॉवेल म्हणालात!"

"टॉवेल तर टॉवेल. आपल्याला कुठे अंग पुसायचंय?"

"मिरवायचंय तुम्हाला. या वयात!"

"हो, मिरवायचंय. जाऊन सांग सगळ्यांना."

दुकानातला मुलगा एकदा आईकडे बघे, एकदा बाबांकडे. मीही बाबांवर चिडले. रंगांशी अशी फितुरी! "बाबा, तुम्हाला रोज बघवणार आहे का तो लाल?" म्हटलं. त्यांनी नुसतं माझं कोपर दाबलं, आणि पैसे भरायला गेले.

काल टीव्ही बसवला. एवढा मोठा की शोकेस स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवावी लागली. आता आत जाताना आम्ही तिघंही खेकड्यासारखे तिरके चालतो. बाबांनी आईची खुर्ची उचलून पार पुढे ठेवली, पडद्याला नाक लागेल इतकी. आई कुरकुरली आणि बसली.

पहिल्यांदा काय लावायचं, यावर मात्र भांडण नाही. तुझा जानेवारीतला सामना! बॅडमिंटनचं ते हिरवंगार मैदान, रेषांच्या टोकांना खुर्च्या टाकून बसलेले तुम्ही सगळे निळ्या शर्टांतले रेषापंच. अगं, खुर्चीचे पायसुद्धा दिसत होते! मी टाळ्या पिटल्या. "आई, सांग बघू, यातली आपली ताई कुठली?"

आई समोर बघत राहिली. मग तिने दोन्ही हात उचलून डोळ्यांसमोर धरले.

तुझीच खूण. शटल कुठे पडलं ते दिसलं नाही, की तुम्ही करता ती. तुझ्या सगळ्या खुणांत आईला हीच आवडते, हे तुला ठाऊक आहे. "इतक्या लोकांसमोर 'मला दिसलं नाही' म्हणायला छाती लागते," असं ती येईल त्याला सांगते. मला वाटलं, नक्कल करतेय. मी खो खो हसले. हात खाली आलेच नाहीत.

ताई, तिच्या नजरेच्या मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे थेट बघावं तेच पुसलं जातं, आजूबाजूचं राहतं. बाबांना ठाऊक होतं, पण आईने त्यांना गप्प बसवलं होतं. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनं चालू ठेवली तर आहे ते बरंचसं टिकेल. गेल्या महिन्यात टीव्हीवरचा सामना बघून तिने फोनवर तुझं एवढं कौतुक केलं, आणि तू त्या दिवशी मैदानावर नव्हतीसच. "आईला मी ओळखूसुद्धा येत नाही," म्हणून तू फोन ठेवलास, तो ठेवलासच. कोण कुठली बाई होती ती, ताई. आई तिच्याकडे बघून डोळे पुसत होती.

"तो सुंदर काळा घरी आणून मी काय करू?" बाबा मला स्वयंपाकघरात म्हणाले. "तिला मुलगी दिसायला हवी."

आता खरी बातमी. सामना चालूच होता. आईने हात खाली घेतले आणि मान खिडकीकडे वळवली. पार खिडकीकडे! मला वाटलं, रुसली. तर खिडकीकडे बघत म्हणाली, "ती. डावीकडच्या कोपऱ्यातली. एवढी ताठ दुसरं कोण बसतं? पाठ टेकायला पैसे पडतात जणू."

तूच होतीस!

बाबांनी रिमोट सोफ्यावर फेकला. आम्ही तिघंही एकदम बोलत होतो. आईने तोच भाग पुन्हा पुन्हा लावायला लावला आणि दर वेळी खिडकीकडे बघून तुला शोधून काढलं, एकदाही चुकली नाही. त्या लाल रंगाचं विचारशील तर तो टॉवेलच आहे. बाबा त्याच्याकडे बघत नाहीत, आईकडे बघतात.

मी म्हटलं, ताईला कळवायचं का? आईने तोच भाग आणखी एकदा लावायला लावला. मग म्हणाली, "लिही. पण आधी टीव्हीचं लिही."

म्हणून आधी टीव्हीचं लिहिलं.

शनिवारी तुझा अंतिम सामना. कुठल्याही कोपऱ्यात बस, फक्त पाठ टेकू नकोस. आणि मग घरी ये. आई बोलताना तुझ्या कानाकडे बघेल, खांद्यावरून पलीकडे बघेल. दिवाणखान्यात मागच्या वेळी तुला वाटलं ना, की ती नजर चुकवतेय? चुकवत नव्हती गं. तिथूनच तिला तू दिसतेस.

तुझी बडबडी,
आणि खिडकीकडे तोंड करून तुलाच बघत बसलेली आई