पारूबाईची कळशी आणि बोटीचं भाडं

कासारवाडी

प्रिय आत्या,

परवा आमची बोट आहे. उद्या सकाळच्या गाडीने मुंबईला निघायचं, तिथून मोंबासा आणि पुढे रेल्वेने नैरोबी. हे ट्रंकेवर नाव रंगवून आणायला पुण्याला गेलेत. मी तुझ्या खोलीत शिवणाच्या मशीनच्या जागी बसून लिहिते आहे. मशीनच्या जागी म्हणजे जिथे ते होतं तिथे. त्याचं पुढे सांगते, आधीच रागावू नकोस.

तू असतीस तर समोर बसवून विचारलं असतं. तू सरळ उत्तर दिलं नसतंस, हेही मला माहीत आहे. तुझी ती रीतच नव्हती. पण हा प्रश्न डोक्यात घेऊन मला बोटीवर चढायचं नाही.

आत्या, तू हे मुद्दाम केलंस ना?

आई गेल्यावर तू मला इथे आणलंस. लोकांच्या चोळ्या शिवून मला वाढवलंस आणि त्यातून काही उरलं की जुन्या बाजारातून पुस्तकं आणलीस. लोकांच्या घरात कपाटाला कुलूप दागिन्यांसाठी असतं, आपल्याकडे कादंबऱ्यांसाठी होतं. किल्ली तुझ्या कमरेला. सगळ्या कासारवाडीत तुझ्याइतकी संशयी बाई दुसरी नाही असं लोक म्हणायचे, आणि तू म्हणायचीस, दुसरी घरातच तयार होते आहे.

पुस्तक मागायला कोणी आली की तू आधी तिच्या हाताकडे बघायचीस. "भांडं आणलंस का?" भांडं ठेवल्याशिवाय पुस्तक मिळायचं नाही. वाटी, फुलपात्र, पळी, काहीही चालायचं. भांड्यावर नाव कोरलेलं असायचं, त्यामुळे तुला टिपून ठेवायचीही गरज नव्हती. बाई पुस्तक विसरेल, आपली वाटी कधी विसरायची नाही, हे तुझं तत्त्वज्ञान. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

आफ्रिकेला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मी तुला सांगायला आले होते, आठवतं? थोरल्या दिरांनी तिथल्या रेल्वेत यांना नोकरी लावली होती. तू फक्त विचारलंस, "तिथे वाचायला काय मिळतं?" मी जाऊबाईंचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं, "मराठी पुस्तक इथे मुंबईहून मागवावं लागतं, पुस्तकाची किंमत एक आणि टपालाची जवळजवळ तेवढीच, शिवाय बोटीची वाट बघायची. आलेलं पुस्तक घरोघरी फिरतं. माझ्यापर्यंत येतं तेव्हा शेवटची पानं गेलेली असतात, मग शेवट काय झाला ते मी शेजारणीला विचारते."

ते ऐकून तू बराच वेळ मशीनला तेल घालत राहिलीस. मग म्हणालीस, "कपाटातली सगळी तुझीच आहेत. घेऊन जा." मी तो शब्द धरून चालले. चुकलं का माझं?

त्यानंतर दोन महिन्यांत तू गेलीस. पिंपरीला औषधांचा एवढा कारखाना उभा राहिला, त्याचं धुराडं आपल्या अंगणातून दिसतं, आणि तू साध्या तापाला त्यातली एक गोळी घेतली नाहीस. कारखान्यात काय कालवतात कुणी बघितलंय, म्हणालीस. काढा पीत राहिलीस. मी सासरहून, खडकीहून येऊन पोचले तेव्हा तुझी शुद्ध हरपत चालली होती. त्याबद्दल मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे.

तुझं कपाट उघडायचा मला धीर होत नव्हता. म्हणून आधी भाड्याची सोय केली. तिकिटावर जेवढं वजन नेता येतं ते भांड्याकुंड्यांत आणि अंथरुणातच संपत होतं. पुस्तकांना वेगळं भाडं पडणार होतं. यांनी हिशेब करून सांगितलं, "या भाड्यात तिथे वर्षभर भाजी येईल." मग मी तुझं मशीन विकलं. ज्या मशीनने पुस्तकं आणली त्यानेच त्यांचं भाडं भरावं, असं मनाशी म्हटलं, पण ते घरातून जाताना मी आतल्या खोलीत जाऊन बसले होते.

मशीन घेतलं पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातल्या एका सिंधी शिंप्याने. त्याने ते तीन वेळा उलटंसुलटं करून बघितलं, आणि मी त्याची नोट उजेडात धरून बघितली. दोघांचं समाधान झाल्यावर त्याने विचारलं, विकता कशाला? मी म्हटलं, परदेशी चाललोय, पुस्तकांचं भाडं भरायचंय. तो हसेल असं वाटलं होतं.

"आमच्याकडे पण कपाटभर किताबं होती, बहनजी," तो म्हणाला. "निघालो तेव्हा पडोसी बोलला, ठेवून जा, मी संभाळतो."

"मग?"

"संभाळत असेल," तो म्हणाला, आणि मशीन हातगाडीवर चढवायला लागला.

त्या दिवशी मी ठरवलं, एकही पुस्तक मागे ठेवायचं नाही. कोणी कितीही गोड बोललं तरी.

आणि मग कपाट उघडलं. आत्या, आत पुस्तकं नव्हतीच! नाही म्हणायला खालच्या फळीवर दोन फाटकी होती. बाकी सगळी भांडी. आणि वाट्या-फुलपात्रं नव्हेत, तर परात, पुरणाचं यंत्र, मोठं पातेलं, नारळ खवायची विळी, आणि सगळ्यांत खाली एक तांब्याची कळशी. बायकांना रोज लागणाऱ्या वस्तू. त्या इथे येऊन पडल्यात आणि त्यांच्या मालकिणींचा पत्ता नाही? तू जाऊन महिना उलटला होता आणि एक बाई भांडं मागायला आली नव्हती.

मग मी काय समजायचं? मी समजले की म्हातारी गेली, पोरगी आफ्रिकेला चालली, आता गप्प बसलं की पुस्तकं आपली. नेहमी पुस्तकं नेणाऱ्या सावंतबाई तर मला रस्त्यात बघून चक्क गल्लीत वळल्या होत्या. एक अनोळखी माणूस दोनदा आपल्या फाटकापर्यंत आला, घराकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेला. मी शेजारच्यांना सांगून ठेवलं होतं, घराकडे लक्ष ठेवा म्हणून.

यांच्यावरही संशय घेतला मी. पुस्तकं गेली तर यांचंच ओझं हलकं होणार होतं. "तुम्ही आत्याला काही बोललात का?" म्हणून विचारलं. आधी नाही नाही म्हणाले. मग म्हणाले, "त्यांनी एकदा मला भाडं विचारलं होतं."

"न्यायचं?"

"नाही, परत पाठवायचं. तिथे वाचून झालेली पुस्तकं बोटीने इकडे धाडायची तर काय पडेल, असं. मी म्हटलं, आत्याबाई, नेतानाच एवढं पडतं. तिथून पुस्तकं परत पाठवणारा अजून कोणी बघितला नाही."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. चहा दिला."

तुझा तो चहा मला माहीत आहे. एखादी गोष्ट मनाशी ठरली की तू समोरच्याला चहा द्यायचीस. तेव्हा माझा संशय पहिल्यांदा तुझ्यावर आला. मी जाऊ नये म्हणून तू पुस्तकं पांगवलीस, असं मला वाटलं. पुस्तकं नाहीत तर शालू जायची नाही, किंवा गेली तरी रडत जाईल. मला त्या रात्री तुझा फार राग आला आणि तुझी फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी विळी पिशवीत घालून पिंपरीला सावंतबाईंकडे गेले. त्या मालवणकडच्या, नवरा औषधांच्या कारखान्यात. त्या सुरीने कांदा कापत होत्या, आणि कापणं कसलं, ठेचणंच ते. विळी बघितल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्याचं की विळीचं, हे मी लगेच ठरवलं नाही.

"अगो शालू, मी येणारच होते," त्या म्हणाल्या. "पण सुतकाच्या घरी कोण देणंघेणं करतं? तेरावं झालं तेव्हा निघाले होते, तर पाय उचलेना. लोक म्हणतील, बाईची राख निवली नाही तोवर ही विळी मागायला आली. रस्त्यात तुला बघितलं तरी वळले. म्हटलं, तुला वाटेल विळीसाठीच बोलते."

"आणि पुस्तक?"

"ते तर केव्हाच वाचून झालं." फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी फडताळातून काढून दिलं. "आत्याबाई आपणहून घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, पुस्तकं समुद्रापार चाललीत, परत यायची नाहीत. एकदाची वाचून घे. आणि विळी उचलून चालू लागल्या. मी म्हटलं, अहो, ती रोज लागते. तर म्हणाल्या, म्हणूनच नेते. लवकर वाचशील."

तेव्हा कुठे मला कळलं, आत्या. म्हणजे माझ्या नावे करून दिलेल्या पुस्तकांचा आधी त्या सगळ्या बायकांनी निरोप घेतला पाहिजे, असं तुझं गणित होतं. आणि गणित पुरं व्हायच्या आत तू गेलीस, आणि त्या बिचाऱ्या सभ्यपणापायी परातीवाचून कणीक मळत राहिल्या. मी त्यांना चोर ठरवून बसले होते. हे तू मला एका शब्दाने सांगायचं नाहीस का गं?

आपापली भांडी घेऊन जा असं मी सगळीकडे कळवलं, तशी पुस्तकं घरी येऊ लागली. फक्त एक आलं नाही. तीच ती जाडजूड, किल्लेदारणीची कादंबरी, जी तू मला गोवर आला होता तेव्हा वाचून दाखवली होतीस. बाकी सगळी हरवली असती तरी चाललं असतं, ती मला हवी होती. आणि कपाटात उरली होती कळशी. तिच्या गळ्याशी नाव होतं, पारूबाईचं, आणि तिच्या माहेरच्या गावाचं.

शेजारी विचारलं तर ती रहाटणीला दिलेली निघाली, म्हणून काल कळशी घेऊन पवना नदीच्या उतारानं, पाण्यातून पलीकडे रहाटणीला गेले. पारूबाई नदीवरूनच येत होती, डोक्यावर डालड्याचा डबा. डब्याच्या तळातून पाणी गळून तिचा पदर भिजला होता. घरी जाऊन बघते तर फाटकापर्यंत येऊन जाणारा तो माणूस ओसरीवर बसलेला, तिचा नवरा.

"म्याच धाडलं व्हतं," पारूबाई म्हणाली. "म्हनलं, बघून या, दार उघडं हाय का. पन त्यास्नी बोलायची लाज वाटली. मेलेल्या मानसाच्या घरी कळशी कशी मागावी?"

मी पुस्तकाचं विचारलं. तिने हात पुसले आणि देवघराच्या कोनाड्यातून ते काढलं. मध्ये कोंबड्याचं पीस खुणेला घातलेलं.

"अर्धंच झालंय ताई. आत्याबाईंनी अक्षरं शिकवली, पन मला बोट ठेवल्याबिगर येत न्हाई. आता गडाला वेढा पडलाय, बाई आत अडकलीया. पुढं काय व्हतं ते सांगू नगा." आणि मग पुस्तक माझ्यापुढे धरलं. "न्या. तुमची बोट हाय."

मी ते घेतलं. खरं सांगते, पिशवीतही घातलं. उंबऱ्यापर्यंत गेले. मग ते काढून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "राहू दे. होईल तेव्हा होईल."

"मग कळशी बी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

"अहो, मी आफ्रिकेला चाललेय. आणि पाणी कशानं भराल?"

"डब्याचं भोक झाळून घीन. कळशी तुमच्याकडं असली म्हंजी पुस्तक माझं न्हाई, ह्ये माझ्या ध्यानात ऱ्हाईल. आन् तुमच्या बी." तिने कळशी उचलून माझ्या कडेवर दिली, लेकरू द्यावं तशी.

घरी आल्यावर यांनी ती उचलून बघितली आणि डोक्याला हात लावला. "पुस्तक ठेवून कळशी आणलीस? ही त्याच्या चौपट जड आहे." खरंच आहे. एका पुस्तकाचं भाडं वाचलं आणि कळशीचं भरावं लागणार. पुढे हे काय काय बोलले ते मी नीट ऐकलंच नाही, कारण माझं लक्ष दुसरीकडेच होतं.

आत्या, तू सगळ्यांना पातळ पुस्तकं दिलीस. सावंतबाईंचं तर दोन दुपारींत वाचून होईल एवढं. आणि जी एकेका अक्षरावर बोट ठेवते, तिला सगळ्यात जाड, आणि तेही माझं आवडतं? आमची बोट कधी सुटते ते तुला माहीत होतं. तिला किती वेळ लागेल हे तर तुलाच माहीत होतं, तूच तिला शिकवलंस. वाचून घ्यायला दिली हे बाकीच्या पुस्तकांबद्दल मला पटतं. याच्याबद्दल पटत नाही.

हे तू मला अडवण्यासाठी केलं नाहीस. तू मला परत आणण्यासाठी केलंस. तुझी हीच एक रीत होती, माणसाचा शब्द न घेता त्याचं काहीतरी ठेवून घ्यायचं. काल कळशी कडेवर आल्यावर पारूबाईला मी तसं स्पष्ट विचारलंही, "कळशी द्यायचं तुम्हाला आत्याने सांगितलं होतं का?" तिने चुलीत फुंकर घातली आणि चहाला किती साखर, म्हणून विचारलं.

तेव्हा आता वचन देते. कळशीत पाणी भरणार नाही, चुलीजवळ ठेवणार नाही, दर दिवाळीला घासून पुसून पालथी ठेवीन. आणि कितीही भाडं पडो, तिला एक दिवस रहाटणीच्या ओसरीवर मी स्वतःच्या हाताने नेऊन ठेवीन. तिचं वाचून झालेलं असो की नसो.

तुझ्यावर अजून संशय असलेली,
तुझी शालू