दात खरा, पत्ता खोटा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, भूगर्भ खात्यात एकतीस वर्षे नकाशे रंगवून निवृत्त झालेली. आजचे शब्दकोडे मी चहा निवायच्या आत सोडवले आहे, त्यावरून माझे डोके ठिकाणावर असल्याचे समजावे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. मला काही करायला भाग पाडील असे माणूस या गल्लीत उरलेलेही नाही. माझ्या मागे भांडणे होऊ नयेत, निदान नवी होऊ नयेत, म्हणून माझी व्यवस्था लिहून ठेवते. हेच माझे पहिले मृत्युपत्र.

कलम १. घराचा तळमजला माझा, वरचा मजला धाकट्या भावाचा. माझा तळमजला भाचीला, म्हणजे त्याच्या मुलीला, द्यावा. अट एकच. अंगणातले खड्डे तिचे वडील हयात आहेत तोवर बुजवू नयेत. एकूण बावीस आहेत. दूधवाला दोनदा पडला, पण आता त्याला सवय झाली आहे.

हे खड्डे माझ्या भावाने डायनोसॉरच्या हाडांसाठी खणले. दहा वर्षांचा असल्यापासून तो खणतो आहे, म्हणून गल्ली त्याला घूस म्हणते. माती संपून दगड लागला की तो नवा खड्डा घेतो. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आमच्याकडे अंगण पोखरून तोही निघाला नाही.

कलम २. भिंतीवरचा मोठा नकाशा, ब्रश आणि रंगांची पेटी भाचीला. पेटीचा खालचा कप्पा वगळावा, त्याबद्दल पुढे लिहिते. भाचीने एवढे लक्षात ठेवावे की या नकाशात रंग म्हणजे दगडाचे वय. गुलाबी सर्वांत म्हातारा, हिरवा त्याच्यापुढे कालचा पोर. आमचे घर, अंगण, सगळे गाव गुलाबीत बसले आहे. हा दगड झाला तेव्हा पृथ्वीवर हाड नावाची वस्तूच नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नदीपलीकडे मात्र हिरवा पट्टा आहे, आणि तो थेट डायनोसॉरच्या काळातला आहे. तो पट्टा मी स्वतः रंगवला, तीन हात देऊन.

कलम ३. आमचे जुने साहेब, ज्यांनी माझ्या नकाशावर स्वतःचे नाव घातले, त्यांना माझा केस झडलेला ब्रश द्यावा. ते काय ते समजतील.

कलम ४. आता खालचा कप्पा. हे कलम लिहायला मी तीन दिवस घेतले.

नऊ वर्षांपूर्वी फाटकाजवळच्या बाविसाव्या खड्ड्यात भावाला एक दात सापडला. बोटाएवढा, काळपट, कडेला करवतीसारखे दाते. त्याने सगळी गल्ली गोळा केली. मी चष्मा लावून पाहिला आणि चारचौघांत म्हणाले, "अरे, हा फाटकापाशी टाकलेल्या खडीतून घरंगळलाय. इथं असलं काही सापडणारच नाही. पन्नास वर्षं सांगतेय." लोक हसले. मीही हसले. त्याने दात भिरकावला आणि जिना चढून वर गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे आम्ही दोघेही. बिचारी भावजय नऊ वर्षे खालीवर निरोप पोचवते आहे. तिला या कामातून मुक्त करावे.

तो दात मी त्याच संध्याकाळी झाडूने शोधून काढला आणि कप्प्यात ठेवला. गेल्या वर्षी संग्रहालयातल्या तज्ज्ञाला दाखवला. तो म्हणाला, "आजी, हा खराच डायनोसॉरचा आहे." म्हणजे दात खरा, फक्त पत्ता खोटा. माझा भाऊ निम्मा बरोबर होता आणि मी त्याला पुरता खोटा पाडला. याचे मला वाईट वाटते. हे जिना चढून सांगायला हवे होते, पण सतरा पायऱ्या मला चढवल्या नाहीत. गुडघे ठणठणीत आहेत.

मग मी खडीवाल्याला गाठले. खडी नदीपलीकडच्या खाणीतली, म्हणजे माझ्या हिरव्या पट्ट्यातलीच. त्या खाणीला लागून एक ओसाड तुकडा विकाऊ होता, तो मी घेतला. गवतही धड उगवत नाही. हा तुकडा, दात आणि नवी कुदळ माझ्या पश्चात भावाला द्यावी. तिथे त्याने मनसोक्त खणावे. तिथे मी त्याला अडवणार नाही; अडवायला असणारही नाही.

दुरुस्ती, त्याच दिवशी. एक साक्षीदार म्हणून आलेला शिंपी कमी ऐकतो, म्हणून हा सगळा मजकूर मला ओरडून वाचावा लागला. चौथे कलम संपते न संपते तोच भाऊ दारात उभा. नऊ वर्षांनी पहिले शब्द बोलला ते असे: "दात कुठाय?"

मी कप्पा उघडला. त्याने दात मुठीत धरला.

मग म्हणाला, "ताई, मी चौऱ्याहत्तरचा. तू मरेपर्यंत मी कुठं थांबू?"

आणि सही करायला त्याने कागद-पेन पुढे ओढले. दुसरा साक्षीदार, औषधवाला, मध्येच म्हणाला, "काका, ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचा हिस्सा जातो."

"मला मेलेल्या बाईचं काही नकोच आहे," भाऊ म्हणाला. "हिनं उद्या नकाशा घेऊन माझ्याबरोबर यावं. कुठं खणायचं ते सांगायला कोण आहे तिथं?"

सबब कलम ४ मी माझ्या हाताने रद्द करते. कुदळ आणि दात आजच दिले. जमिनीचा कागद पुढच्या आठवड्यात करू. उद्या सकाळी सातला निघायचे आहे, त्यामुळे बाकीच्या कलमांनी सवडीने लागू व्हावे.

स्थळ: राहते घर, तळमजला
दिनांक: ९ ऑक्टोबर, गुरुवार

सही: नकाशेवाली

साक्षीदार:
१. औषधवाला, कोपऱ्यावरचा
२. शिंपी (आता सगळे ऐकू आले)
३. घूस. वाचले. हिश्श्याला काही नाही, म्हणून सही करतो. तेविसावा खड्डा ताई सांगेल तिथे.