जळालेली बग्गी आन् आईचं शीट

लिहून ठेवणार: हरिओम बद्रीनाथ शेजूळ, वय बावीस, धंदा गाड्या दुरुस्ती आन् शेती, रा. टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. कुणी धमकावलेलं न्हाई, कुणी पाजलेली न्हाई. हात माझा, पेन बहिणीचा. उद्या सोमवारी जालन्याला माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणले, "एकदम छोटं काम आहे," आन् लगेच कागदावर सही घेतली की जिवाचं काही झालं तर जबाबदारी माझी. छोट्या कामात जीव काहून मधी येतो? म्हणून हे लिहून राह्यलो. मी मेल्याची बातमी गावात मी सोताच याआधी उठवलेली आहे, तवा कुणी हसू नका. ह्या टायमाला खरं आहे.

१. स्थावर. घर आईच्या नावावर आहेच. शेतातला माझा हिस्साबी आई नंदाबाईला. यावर बिलकुल भांडण नको.

२. जंगम, म्हणजे हालणारं. माझ्याकडं हालणारी वस्तू एकच, बग्गी. घोड्याची न्हाई. उघडा पायपांचा सांगाडा, चार जाड टायर, चिखलात-माळावर पळणारी. शहरातले लोक हौसेनं तिच्यात बसून धूळ उडवायचे. एक दिवस वायरिंगनं पेट घेतला आन् काळी ठिक्कर होऊन ती जालन्याच्या भंगारात आली. लोखंडाच्या भट्टीत जाणार होती. मी तिला ढिगातून ओढून काढली.

प्रेम वेल्डर, माझा लहानपणचा दोस्त, म्हणला, "हऱ्या, जळालेलं मढं घरी आणतात व्हय?"

मी सगळ्या पायपांवर पाना वाजवला. खण्ण वाजला तो पायप ठेवला, बद्द वाजला तो कापून नवा टाकला. वायरिंग सगळी नवी. इंजन मालाच्या रिक्षाचं. ते चढवायच्या दिवशी प्रेमची वजन उचलायची चैनकुप्पी दुसऱ्याकडं गेल्ती, मंग एकीकडून त्यानं आन् एकीकडून मी उचललं. माझा हर्निया तिथलाच. म्हणजे ह्या गाडीत माझं पोट खर्ची पडलेलं आहे, हे वारसांनी ध्यानात ठेवावं.

काहून केलं एवढं? माझा बाप वारला, त्याच्या समाधीचा ओटा माळाच्या शेतात आहे. तिकडं जायला पांदीची वाट. पावसात ट्रॅक्टर फसतो, उन्हाळ्यात नाल्यात नुसते धोंडे. आईचे गुडघे गेले तवापासून तिनं ओटा पाह्यला न्हाई. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बापाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, ती आई घरातच भरते आन् माळाकडं तोंड करून बसते. मी ठरवलं, ह्या आखितीला आई घागर घेऊन ओट्यावर जाणार.

म्हणून मागं जुन्या जीपचे दोन शीट बसवले. उजवीकडचं आईचं. त्याला गोधडीचा कपडा, धरायला दांडी, ब्रेकला बकरीवानी ओरडणारा भोंगा, आईला हसवायला. आन् गाडी एवढी उंच उचलली की नाल्यातला धोंडा खालून लागूच नये. अशी गाडी जिल्ह्यात न्हाई.

३. दगा. हे कलम मोबाइलवरच्या मृत्युपत्राच्या नमुन्यात न्हाई, मी वाढवलं.

आखितीच्या आधी तपासण्यांसाठी मी जालन्याला आत्याकडं गेल्तो. आखितीच्या आदल्या दिवशी परत आलो तर शेडात बग्गी न्हाई. आई म्हणली, "प्रेम ऑइल बदलायला घेऊन गेला." सकाळी घागर घासून तयार, बग्गी न्हाई. मंग मोबाइल उघडला. माझा थोरला भाऊ कल्याण, त्याच्या स्टेटसला माझी बग्गी! बदनापूरला कुणाच्या तरी लग्नात. मागचे दोन्ही शीट गायब, तिथं सोनेरी सिंहासन, त्यावर गॉगल घातलेला नवरदेव आन् पुढं गाव नाचून राह्यलं. माझ्या आईच्या जागेवर.

संध्याकाळी कल्याण आला. मी म्हणलं, "आईचं शीट कुठंय?"

"भिताडाला टेकून हाय. पळून न्हाई चाललं."

"आजच्या दिवशी, दादा?"

"आजच तर मुहूर्त असतो! लग्नसराई हाय येड्या. शेडात उभी ठेवून काय अंडे देणार हाय का ती?"

मी आईकडं पाह्यलं. म्हणलं, आता आई त्याला सोडत न्हाई. तर आई म्हणली, "जाऊ दे रं बाबा. म्या घरूनच सोडलं पाणी. तुझ्या बापाला पोचलं."

कल्याणचं मला एवढं लागलं न्हाई. आईचं लागलं.

४. वाटप. कल्याणला बकरीचा भोंगा. नवरदेव बसलेला असताना तो भर वरातीत ओरडला म्हणे, म्हणजे त्याचा हिस्सा त्याला पोचलेला आहे. आणखी काही मागू नये. बहीण तृप्तीला माझा मोबाइल. आतलं काही वाचू नये, वाचलं तर आईला सांगू नये. शेजारच्या गिरिजामावशीच्या कोंबड्याला मी हिरवा रंग दिल्ता, त्याबद्दल माझी सायकल तिच्या नातवाला. माफी मागणार न्हाई, कोंबडा चांगला दिसत होता. प्रेमला सगळे पाने. ग्राइंडर न्हाई. ज्या हातानं माझ्या आईचं शीट कापलं त्या हाताला ग्राइंडर देणार न्हाई.

५. मी गेलोच तर मला माळावर, बापाच्या ओट्याशेजारी ठेवा. दुसरीकडं कुठंच न्हाई. मंग तर आईला तिकडं न्यावंच लागंल. कल्याणनं बग्गी काढावी, शीट बसवावं आन् आईला पांदीनं आणावं. मी बघून राह्यलो असं समजावं.

इथपर्यंत लिहून साक्षीदार बोलावले. गिरिजामावशीला वाचून दाखवलं. ती कोंबड्यापाशी शिव्या देऊन पाचव्या कलमापाशी रडली. प्रेमनं पेन हातात घेतला आन् सहीच करंना.

"पाचवं होणार न्हाई, हऱ्या."

"काहून?"

"काकूला त्या शीटवर चढताच येत न्हाई."

मी म्हणलं, तू नको शिकवू मला.

"तू जालन्याला गेल्तास तवा तिनं करून पाह्यलं. पाट ठेवला, बकेट पालथी घातली. म्या आन् कल्याणनं दोहीकडून धरलं. गुडघाच वर जाईना. तूच येवढी उंच करून ठेवली. मंग काकूच म्हणली, काढा हे शीट, आन् हरिओमला सांगू नका."

म्हणजे तिघांनाबी माहीत. गाव फसवणारा मी, आन् मला माझ्याच घरात येड्यात काढलं.

आई दारातच होती. "फसवलं न्हाई रं," ती म्हणली. "तू त्या गाडीभवती नाचत होतास. कोन्त्या तोंडानं सांगू, तुझ्या आईला चढता येईना?"

"सांगायचं होतं ना! मी काय परका हाय का?"

आई पदरानं तोंड पुसून राह्यली. मला तिचा लई राग आल्ता, अजून आहे, इथं तसंच लिहून ठेवतो. मी प्रेमलाच विचारलं, "मंग तो नवरदेव कसा चढला एवढ्या उंच?"

"त्याला पायऱ्या लावल्या ना डाव्या अंगाला. कल्याण म्हणला, नवरदेव पडला तर आपल्याच अंगावर येईल."

गिरिजामावशी म्हणली, "नवरदेवाला पायऱ्या सुचल्या मेल्यांनो, नंदाबाईला न्हाई?"

मलाबी सुचल्या न्हाईत. हे एकदाच लिहितो.

६. शेवटचं कलम. बग्गी आजपासून आईची. सिंहासन कापून टाकावं. पायऱ्या ठेवाव्या, डावीकडं, आन् आईचं शीट आता त्याच अंगाला बसवावं. मी जगलो तर वरचं सगळं रद्द, हे एकच कलम चालू. आखिती गेली तर गेली, बापाला कुठं तारीख कळते. मी घरी आलो की घागर भरायची. चालवायचं कल्याणनं, कारण डॉक्टरनं मला गचके खाऊ नको म्हणलंय. तवा त्यानं हळू चालवावं. मी मागं आईच्या शेजारी बसंन आन् वाटंनं त्याच्याशी एक शब्द बोलणार न्हाई. आईशीबी नाल्यापर्यंत न्हाई.

वाचून, समजून, राजीखुशीनं लिहिलं. खाडाखोड तृप्तीच्या पेनामुळं.

ठिकाण: टेंभुर्णी. रविवार, ४ मे २०२५.

सही: हरिओम बद्रीनाथ शेजूळ

साक्षीदार पहिला: गिरिजाबाई, शेजारीण. डाव्या अंगठ्याचा ठसा. (मावशीचं म्हणणं: सायकल आत्ताच द्यावी.)

साक्षीदार दुसरा: प्रेम, वेल्डर. सही केली. ग्राइंडर दे, सिंहासन कापायचंय.