तिच्या खोलीचं माप

रविवार, संध्याकाळ. इंद्रलोक सोसायटी.

लिफ्टचं बेअरिंग कुठे घासतंय ते मी तळमजल्यावर उभा राहून ओळखतो. आणि ही पोरगी समजते, बाल्कनीतलं तिचं बोलणं मला हॉलमध्ये ऐकू येत नाही!

"तो फॉर्म नाही भरत गं," मानसी मैत्रिणीला सांगत होती. "मम्मी गेल्यापासून पप्पांना माझ्याशिवाय कोण आहे? सांगेन त्यांना, जमलं नाही."

दोन महिने शोधून तिला सापडलेलं कॉलेज. परदेशातलं. फी, राहणं, जेवण, सगळं मार्कांवर देणारं तेच एक. मिळेलच तिला. पण फॉर्मचा आज शेवटचा दिवस.

समजावायला गेलो असतो तर ती रडली असती. मग मीही. म्हणून टूलबॉक्समधली टेप काढली आणि सरळ तिच्या खोलीचं माप घ्यायला लागलो.

"पप्पा, हे काय करताय?"

"दहा बाय नऊ. तू गेलीस की इथे माझं ऑफिस. उद्या सुतार येतोय."

"माझी खोली? मी अजून गेले पण नाहीये!"

"मग नाही जाणार का? सुताराला तसं सांगतो."

"काही नका सांगू! एवढी घाई झालीये ना, भरतेच आता फॉर्म!"

मला बाहेर काढून दार धाडकन लावलं.

बरोबर केलं ना मी? रागावून गेलेली पोर फोन तरी करेल ना?

सुतार कुठला यायला. दहा बाय नऊमध्ये मी एकटा काय थाटणार? टेप अजून हातातच आहे. दाराआड तिचा कीबोर्ड वाजतोय.

टीव्ही बंद केलाय. ऐकून घेतो.