आई, आ करा

३ मार्च

तोंड आलंय. डाव्या गालात, आतून. टाचणी लागली असणार. नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळते म्हणजे दिवसभर ओठांत टाचण्या. एखादी कधीतरी आत घुसणारच. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या. विषय संपला.

९ मार्च

विषय संपला नाही.

आज नव्या नाटकातल्या राजाचा झगा बेतला. राजाचं काम करणारा नट — कंपनीत सगळे त्याला महाराजच म्हणतात — पोट आत ओढून उभा. माप घेऊन फीत सोडली की पोट बाहेर! वर मलाच म्हणतो, 'बाई, तुमच्या मापात गडबड आहे.' गडबड मापात नाही, महाराजांत आहे. पण माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून राजद्रोह टळला.

गाल तसाच. दुखत मात्र नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, असा तज्ज्ञांचा सल्ला घेतला. तज्ज्ञ मीच.

तंबाखूची चिमूट आता उजव्या गालात धरते. आजाऱ्याला विश्रांती नको का!

१७ मार्च

सून शाळेत शिकवते. तिच्या शाळेत आज कोणी दातांच्या डॉक्टर येऊन बोलून गेल्या. तंबाखू, सिगारेट, तोंडाचा कर्करोग, वगैरे. ते सगळं भाषण ती जसंच्या तसं घरी घेऊन आली, आणि जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन तपासणीच सुरू! आधी मुलगा, मग हे. मी भांडी घासायला पळाले. एरवी मी भांड्यांसाठी कधी पळत नाही, तिथेच संशय आला असणार.

'आई, आ करा.'

सासूनं तोंड मिटावं म्हणून सुना देवाला हात जोडतात. आमची उलटी!

केला आ. तिनं टॉर्च आणखी जवळ आणला.

'हे कधीपासून आहे?'

'टाचणी टोचली गं. दोन दिवस झाले असतील.'

'दोन आठवडे,' पेपराआडून आवाज आला. यांना माझा वाढदिवस आजवर लक्षात राहिला नाही, हे बरं राहिलं!

सून म्हणाली, दोन आठवड्यांत भरली नाही ती जखम दाखवायचीच — दुखो, न दुखो. पांढरा नाहीतर लाल चट्टा दिसला तरी दाखवायचं. सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही म्हणे.

'आणि आई, बटणांच्या डब्यातली तंबाखू आता बंद.'

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. बटणांचा डबा! वर मोठी बटणं, खाली लहान, तळाला पुडी — केवढी हुशारी केली होती!

'लग्न होऊन आले त्याच आठवड्यात कळलं. यांच्या शर्टाला बटण शोधत होते.'

म्हणजे इतकी वर्षं मी 'जरा हवा खाते' म्हणून गॅलरीत जायची, आणि सगळं घर ती हवा ओळखून होतं.

१८ मार्च

तंबाखू फेकली. बाणेदारपणे, सगळ्यांदेखत.

थोड्या वेळाने कोणी नाही असं बघून कचऱ्याच्या बादलीत डोकावले. सुनेनं आधीच वर चहाचा चोथा ओतून ठेवला होता. शहाणी मेली!

२१ मार्च

डॉक्टरकडे सोमवारी जाईन. नाटक तोंडावर आलंय, तोंडाला वेळ कुठे आहे?

डोकं ठणकतंय. तंबाखूवाचून काही सुचत नाही. सगळ्यांवर खेकसते. महाराजांच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

२३ मार्च

सोमवार. गेले नाही.

महाराज झगा घालून बघायला आले. मी चिडचिड करत होते, बोलता बोलता गालाचं सांगून टाकलं. वाटलं, काहीतरी विनोद करतील. केला नाही. आरशाकडे पाठ फिरवली.

'माझा मोठा भाऊ,' म्हणाले, 'तोही सोमवारीच जाणार होता. कितीतरी सोमवार. शेवटी गेला तेव्हा खालचा अर्धा जबडा काढावा लागला. बाई, तो माझ्याहून चांगला नट होता हो.'

मी शिलाईत तोंड खुपसलं.

त्यांनी झगा उतरवला, माझ्या मांडीवर टाकला. 'तुम्ही दाखवून येईपर्यंत हा अंगाला लावणार नाही. राजा बनियनवर येईल रंगमंचावर. मग लोकांना सांगा, कोणामुळे ते.'

त्यांचं पोट मी पाहिलेलं आहे. प्रेक्षकांचा विचार करून जायचं ठरवलं.

२४ मार्च

गेले. सून रजा काढून बरोबर आली. मी पळून जाईन अशी भीती. रास्त आहे.

डॉक्टरांनी गाल आतून बोटानं चाचपला, मानेच्या दोन्ही बाजू दाबून पाहिल्या.

'तंबाखू खाता?'

'अधूनमधून.'

सून खोकली.

'रोज,' मी म्हटलं.

पुन्हा खोकली.

'दिवसभर,' म्हटलं, तेव्हा कुठे तिचा खोकला बरा झाला.

एका दाढेची धार गालाला घासत होती. ती गुळगुळीत करून दिली. मी सुनेकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. पण डॉक्टर म्हणाल्या, दाढ असो वा नसो, एक लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवायचाच. जन्मभर दुसऱ्यांचे तुकडे बेतले, आज माझा बेतला! बधिर केलं होतं, दुखलं नाही. टाका घातला. किंचित सैल आहे असं सांगणार होते, पण निम्मं तोंड लुळं. डॉक्टर वाचल्या.

२८ मार्च

लहान झालंय! आरशात टॉर्च मारून पाहिलं. नक्की लहान झालंय. दाढच होती! सुनेला ऐकवलं — 'उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर लावलास.' यांनाही ऐकवलं. मुलाला फोन करून ऐकवलं, तो शेजारच्याच खोलीत होता.

सगळे 'हो हो' म्हणाले. हसत मात्र मी एकटीच होते.

२९ मार्च

तंबाखू आठवते. तोंडात बडीशेपसुद्धा ठेवली नाही आज. जिभेनं सारखी तीच जागा शोधते.

३१ मार्च

कर्करोगच आहे. नखाएवढा. मानेत गाठी लागत नाहीत, पण अजून तपासण्या करतील, मग ऑपरेशन. सुनेनं माझा हात धरला होता.

डॉक्टर म्हणाल्या, 'बरं झालं, लवकर आलात.'

जन्मभर शिवणकाम केलं. लवकर आलात, असं मला कोणी म्हणायची ही पहिलीच वेळ.