‘आपली तिथी’ माझ्यामागे कोणी चालवावी

मी, श्रीमती शरदिनी यज्ञेश्वर पाटणकर, वय एकाहत्तर, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका, राहणार बालाजी घाटावरची गल्ली, वाराणसी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी हात धरून लिहवून न घेता लिहीत आहे. शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी विचारले, "माताजी, आज कौन-सा दिन है?" मी वार सांगितला, मग तिथी सांगितली, नक्षत्र सांगितले, आणि सूर्योदयाकडे वळले तेव्हा ते "बस, बस" म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. तेव्हा माझे डोके ठिकाणावर होते की नाही, अशी शंका माझ्यामागे कोणी काढू नये. हृदय मात्र ठिकाणावर नाही. त्याचा आता भरवसा नाही, असे त्याच डॉक्टरांनी बाहेर जाऊन हळूच सांगितले आणि ते मला आत ऐकू आले.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. आताही केले नसते. एकुलता एक मुलगा, दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक, यात भांडणार कोण? हा सारा खटाटोप एका वेबसाइटसाठी आहे. तिचे नाव ‘आपली तिथी’. शेजारची रुची वकिली करते, तिने हा मसुदा कायद्यात बसवून दिला. ती म्हणाली, "काकू, वेबसाइट मृत्युपत्रात टाकता येईल, उसमें कोई दिक्कत नाही. पण घेणारा तर पाहिजे ना!" तिथेच घोडे पेंड खाते आहे.

कलम पहिले: घर. माझ्या नावावर असलेल्या दोन खोल्या व वरची गच्ची माझा मुलगा चिरंजीव शार्दूल याला मिळावी. त्याने राहावे, भाड्याने द्यावी किंवा विकावी, माझी आडकाठी नाही. फक्त गच्चीची लोखंडी जाळी काढू नये. तो हैदराबादेत उंच इमारतीत राहतो आणि वानर म्हणजे काय चीज आहे हे विसरला आहे. जाळी काढली तर वानरे थेट स्वयंपाकघरात येऊन डबे उघडतील.

कलम दुसरे: शिल्लक व भांडीकुंडी. बँकेत जे काही निघेल ते शार्दूल आणि सूनबाई मधुरा यांना समसमान. मधुराचे नाव मी मुद्दाम घातले आहे. "आई, जेवलात का?" असे ती फोनवर विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. पाटा-वरवंटा, पितळी पिंप आणि मोठे पातेले गीताला द्यावे. गीता माझ्याकडे कामाला येते. "अम्मा, ऊ बड़का पतीला हमको दीजिएगा," असे तिने मी धडधाकट असतानाच सांगून ठेवले होते. मागून घेणारी माणसे मला आवडतात. माझ्याकडे जे सगळ्यात मोलाचे आहे ते कोणी मागत नाही, म्हणून तिचे अधिकच कौतुक.

कलम तिसरे: वेबसाइट काय आहे. कोर्टात हे वाचणाऱ्यांना कळावे म्हणून लिहिते. माझे यजमान कै. यज्ञेश्वर याज्ञिक होते. झाशी, कानपूर, सागर, इंदूर, पिढ्यान्पिढ्या उत्तरेत राहिलेली मराठी घरे त्यांना फोन करून एकच प्रश्न विचारत: आमच्या अमक्याचे श्राद्ध यंदा कधी? प्रश्न साधा दिसतो. पण आपला महिना अमावास्येला संपतो आणि इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात सगळे ठीक चालते, वद्य पक्ष लागला की तिथी तीच राहते आणि महिन्याचे नाव बदलते. कानपूरच्या एका घरातले आजोबा श्रावण वद्य पंचमीला गेले. नातवंडांनी भिंतीवरच्या हिंदी कॅलेंडरात श्रावणातली कृष्ण पंचमी बघितली आणि वर्षानुवर्षे श्राद्ध एक महिना आधीच उरकले. आजोबा आपल्या दिवशी येत असतील आणि दार बंद बघून परत जात असतील. हे कळले तेव्हा त्या घरातली सून फोनवर ढसाढसा रडली, आणि यजमानांनी तिला समजावता समजावता स्वतःच डोळे पुसले. 

यजमान गेले तरी फोन वाजत राहिले. मला त्यांच्या शेजारी बसून बसून सगळे येत होतेच, गणित तर माझे पोटापाण्याचे. मी उत्तरे देऊ लागले. त्या दिवाळीत शार्दूल आला होता. तो म्हणाला, "आई, मी तुला वेबसाइट बनवून देतो. तुझा वेळ जाईल." चार दिवसांच्या सुटीत त्याने ती बनवली, मला शिकवली आणि परत गेला. त्यानंतर त्याने ती एकदाही उघडलेली नाही, असा माझा अंदाज आहे.

वेळ गेला, यात संशय नाही. पहिली वर्षे मी नुसती हवेत होते. सणांची माहिती, नैवेद्याची पाने, काशीत आपल्याकडच्या गौरी कशा बसतात, सगळे लिहीत असे. हळूहळू कळले की हे कोणी वाचत नाही. लोक येतात, आपल्या मेलेल्या माणसाची तिथी बघतात आणि जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गरज सरो, वैद्य मरो. एकदा वैतागून पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिले, ‘येत्या पाडव्यापासून ही वेबसाइट बंद होईल.’ वाटले, चार जण तरी हळहळतील. एकच निरोप आला: ‘बंद करण्यापूर्वी आमच्या सासऱ्यांची तिथी सांगून ठेवा. अर्जंट.’ सांगितली. करते काय? त्यांच्या सुनेवरच्या रागापायी सासऱ्यांना ताटकळत ठेवू? पाडवा आला, गेला, आणि मी गुपचूप ती सूचना काढून टाकली.

मग चालवली कशाला, असे कोणी म्हणेल. मीही म्हणते. सागरला कालिंदीबाई म्हणून आहेत, मी त्यांना कधी पाहिलेले नाही. दरवर्षी नवऱ्याची तिथी विचारत. एका वर्षी श्राद्ध झाल्यावर त्यांनी लिहिले, ‘ताई, गच्चीवर घास ठेवला आणि कावळा लगेच आला. दिवस बरोबर होता.’ बस, एवढेच. त्या एका ओळीवर मी पुढचे वर्षभर रोज सकाळी चहा झाला की संगणकासमोर बसले. आता यात शहाणपण किती आणि वेडेपणा किती, ते ज्याचे त्याने ठरवावे.

कलम चौथे: धाकटे दीर विश्वजीतभावजी, राहणार रामनगर. यांना माझी सगळी जुनी पंचांगे द्यावीत, नावेतून नेता येणार नाहीत, पुलावरून टेम्पो करावा. कारण लिहून ठेवते. भावजी रोज सकाळी माझ्या वेबसाइटवरची तिथी उचलतात, तिच्याखाली कमळ आणि स्वतःचा फोटो चिकटवतात आणि मोबाइलवरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकतात. माझे नाव नाही, वेबसाइटचे नाव नाही. खाली पन्नास हात जोडलेले. "वा काका! धन्य काका!" मी एकदा विचारले, "भावजी, निदान कुठून घेतलंत ते तरी लिहा." तर म्हणाले, "वहिनी, तिथी काय कोणाच्या मालकीची असते का?" खरेच नसते. म्हणून पंचांगे देत आहे, आता स्वतः काढून बघावी. आणि खरे सांगायचे तर लोकांपर्यंत तिथी पोचते ती त्यांच्यामुळे, माझ्यामुळे नाही. हे माझ्या घशाखाली उतरत नाही, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

कलम पाचवे: वेबसाइट कोणाला देता आली नाही. भावजींना देणार नाही. कमळे लावून तिची वाट लावतील. कालिंदीबाईंना विचारले. त्यांनी उलट कळवले की डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मोबाइल नात चालवते, आणि ‘ताई, तुम्हीच शंभर वर्षं जगा ना.’ आमच्या घाटावरच्या मंडळाला विचारले. "पुढच्या बैठकीत विषय घेऊ," म्हणाले. बैठका होतात, चहा-चिवडा होतो, विषय काही येत नाही. मध्यंतरी त्यांचे चिटणीस वारले. त्यांची तिथी मात्र माझ्याकडूनच काढून नेली. 

उरला शार्दूल. गेल्या दिवाळीत तो आणि मधुरा आले होते. मी अनारसे तळत होते, तो ओट्याशी उभा राहून गरम गरम खात होता. म्हटले, हीच वेळ. मी विचारले, "माझ्यानंतर ‘आपली तिथी’ बघशील का रे?"

"आई, ये सब आजकल ऐप पे मिल जाता है."

"त्यात महिना इथला असतो. आपला नसतो."

"मग काय फरक पडतो? सच बता, कोण बघतं ग?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला, अनारसा जळला, आणि मला भरून आले. तो घाबरला. पाणी आणले, पाठीवरून हात फिरवला. "छातीत दुखतंय का? डॉक्टर को बुलाऊँ?" मी "हो, थोडं दुखतंय," म्हटले. दुसरे काय सांगणार होते? ते सांगणे सोपे होते.

पोरगा वाईट नाही. कोणी असे समजू नये. रोज फोन करतो, औषधे मागवून देतो. त्याच्या पिढीला ज्याची गरज नाही ते मी त्याच्या गळ्यात कसे बांधू? आणि बांधले तरी तो मन लावून करणार नाही, आणि मन न लावता केली तर तिथी चुकते. हात टेकले मी.

कलम सहावे व शेवटचे. सबब, ‘आपली तिथी’ मी कोणालाही देत नाही. माझ्यामागे तिच्यात काही नवे घालू नये, आणि मी पैसे भरून ठेवलेली मुदत संपली की ती आपोआप बंद पडू द्यावी. रुची हिला या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून नेमते. ज्या ज्या घरांनी आजवर विचारले त्या सर्वांच्या तिथी पुढच्या जमतील तितक्या वर्षांसाठी काढून मी भरत आहे. बोटे दुखतात, तरी बरेचसे होत आले आहे. मी असेपर्यंत जे गेले त्यांचा बंदोबस्त झाला. पुढे जे जातील त्यांचे मी काही करू शकत नाही.

यापुढचे कायद्याचे नाही. रुची म्हणाली, "काकू, हे काढून टाकूया, कोर्टाला याच्याशी काय मतलब." मी म्हटले, राहू दे.

शार्दूल, बाबांची तिथी त्या यादीत सगळ्यात वर आहे. वेबसाइट तूच बनवलीस, आणि तरी दरवर्षी मला फोन करून विचारतोस, "आई, बाबांची तिथी कधी आहे?" वेबसाइटवर बघ, असे मी तुला कधीच म्हटले नाही. त्या फोनची मी वाट बघत असे. बाबांची पुढची वर्षे आता भरून ठेवली आहेत, ती तुला मिळतील. एकच नोंद राहिली आहे. ती मला भरता येत नाही, बाळा. जन्मभर गणित शिकवले, पण यातली मुख्य संख्याच माझ्या हाती नाही.

तेवढी तू भर. नवे काही घालू नये असे वर लिहिले आहे, त्याला ही एक सूट. श्वास थांबेल त्या घटकेला जी तिथी चालू असेल ती धरायची, सकाळी कोणती होती ते बघायचे नाही. वद्य पक्ष असेल तर महिना आपला धरायचा, भिंतीवरचा नाही. पुढच्या वर्षीची कशी काढायची ते बाबांच्या नोंदीखाली सोपे करून लिहिले आहे. लहानपणी याहून अवघड गणिते तू जेवता जेवता सोडवलीस.

आणि चुकलास तर चुकू दे. विचारायचे कोणाला, म्हणून राहून जाऊ देऊ नकोस. आयुष्यभर लोकांना सांगत आले की दिवस चुकला तर माणूस उपाशी परत जातो. ते इतरांचे. तू महिना चुकलास, पक्ष चुकलास, तुझ्या त्या ऐपमध्ये बघून भलत्याच दिवशी घास ठेवलास, तरी मी येईन. फक्त ठेव.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो पुन्हा स्वतः वाचला, त्यात एक काना सुधारला आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्या व एकमेकांच्या देखत सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही. चहा मिळाला.

सही: शरदिनी यज्ञेश्वर पाटणकर

साक्षीदार पहिले: सुशांत देवधर, बँक अधिकारी, राहणार याच गल्लीत

साक्षीदार दुसऱ्या: वैदेही सप्रे, शिक्षिका, राहणार शिंदे घाटाजवळ

स्थळ: बालाजी घाट, वाराणसी

मिती: कार्तिक वद्य अष्टमी, शके १९४७. इथल्या हिशेबाने अगहन कृष्ण अष्टमी. बुधवार, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५.