एकट्यानं पेललेलं

अहो,
नंदूभावजींबरोबर मी दवाखान्यात जातेय. डॉक्टरांनी आजच दाखल व्हायला सांगितलंय. एक्स-रेचा फोटो कपाटावर आहे, खिडकीच्या उजेडात धरून बघा. दुखऱ्या बाजूला मूत्रपिंड दिसतं, त्यात मुतखडा अडकलाय. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. जन्मापासूनच नाही म्हणे! मी बघतच राहिले. दोन बाळंतपणं, भांडुपच्या विहिरीवरून वाहिलेलं पाणी, सगळं ह्या एकट्यानं पेललं. दोघांचं काम करून करून केवढं वाढलंय, बघाच.

आमटी झाकून ठेवलीय, मुलांना वाढा.

छत्तीस वर्षं त्यानं हूं की चूं केलं नाही हो. आणि पहिल्यांदा दुखलं, तर तुम्ही म्हणालात, "नखरे!"

– वसुधा